फुटाला एक सूत म्हणजे फोनवर किती अंश?

गच्चीचा ढाळ नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. फुटाला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, उतार असलेली गच्ची आणि ठार सपाट गच्ची शेजारीशेजारी दाखवल्या, तरी कोणती कोणती हे भलाभला माणूस सांगू शकणार नाही. पावसाच्या पाण्याला मात्र ते पहिल्याच सरीत कळतं. नागपुरात मानेवाड्याच्या आमच्या घराच्या गच्चीवर टाकीच्या कोपऱ्यात दर पावसाळ्यात तळं साचायचं, आणि खालच्या खोलीच्या छताला ओल येऊन चुन्याचे पोपडे पडायचे. एका ठेकेदाराने वर जाऊन पाहिलं आणि सगळा कोबा उखडून नवा करावा लागेल, असं सांगून टाकलं. त्याने सांगितलेला खर्च ऐकून मी ठरवलं, की ढाळ नेमका कुठे बिघडलाय हे आधी स्वतः मोजायचं. घरात लेव्हल, म्हणजे पातळी बघायचं बुडबुड्याचं साधन, नव्हती. फोन होता.

फोनमध्ये लेव्हल दाखवणारं अ‍ॅप असतं हे बहुतेकांना माहीत असतं, पण त्यातला आकडा येतो कुठून, ते कळल्याशिवाय त्याच्यावर पैशाचे निर्णय घेऊ नयेत. फोनच्या आत अ‍ॅक्सेलरोमीटर नावाची एक चिप असते. तिच्यात सिलिकॉनचाच एक अतिसूक्ष्म तुकडा सिलिकॉनच्याच लवचीक पट्ट्यांवर टांगलेला असतो. पृथ्वी त्याला खाली ओढते, तो केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी सरकतो, आणि तेवढ्या सरकण्याने शेजारच्या पट्ट्यांमधली विद्युत धारकता, म्हणजे वीज साठवायची क्षमता, बदलते. तो बदल चिप मोजते. १९९० च्या दशकात अशाच चिपा गाड्यांच्या एअरबॅगमध्ये बसवल्या जात होत्या, धक्का लागला की फुगा उघडायला. फोनमध्ये त्या आल्या त्या स्क्रीन आडवी-उभी फिरवायला. लेव्हल हे त्यांचं मूळ काम नाही, आपण ते त्यांच्याकडून करून घेतो.

चिप तीन दिशांचं गुरुत्वाकर्षण वेगवेगळं मोजते आणि त्यांच्या प्रमाणावरून अ‍ॅप कोन काढतं. फोन ०.६ अंशाने कलला, तर गुरुत्वाकर्षणाचा साधारण शंभरावा हिस्सा त्याच्या लांबीच्या दिशेने जातो. चिपची स्वतःची चूक त्याच मापाची असली, तर आपण गच्ची मोजत नाही, चिपची चूक मोजत बसतो. आणि अशी चूक प्रत्येक फोनमध्ये थोडीफार असतेच.

आधी अ‍ॅपचं बघितलं. आयफोनच्या मेझर अ‍ॅपमधली लेव्हल पूर्ण अंशात आकडा दाखवते. भिंतीवर फोटो लावायला तेवढं ठीक आहे, पण गच्चीचा ढाळच मुळी अर्ध्या-पाऊण अंशाचा. तिथे शून्य आणि एक यांच्यामधलंच तर बघायचं असतं. दशांश दाखवणारं अ‍ॅप हवं. मी फायफॉक्स वापरलं. जर्मनीतल्या आखेनच्या तंत्रविद्यापीठाने शाळा-कॉलेजांतल्या प्रयोगांसाठी केलेलं हे अ‍ॅप फुकट आहे, त्यात कोन मोजायचा प्रयोग तयार मिळतो आणि चिपचे कच्चे आकडेही दिसतात.

मग फोन ठेवायचा कसा हा प्रश्न. पाठीवर ठेवला तर कॅमेऱ्याचा उंचवटा टेकतो आणि फोन डुगडुगतो. म्हणून कव्हर काढून लांब कडेवर उभा ठेवायचा, आणि ज्या कडेला बटणं नाहीत किंवा कमी आहेत, ती कड खाली घ्यायची. पण खरी अडचण फोनच्या लांबीची आहे. फोन जेमतेम १६ सेंटिमीटर लांब. एका टोकाखाली एक मिलिमीटर जाडीचा वाळूचा कण आला, तर आकडा ०.३६ अंशाने चुकतो, म्हणजे अर्ध्याहून जास्त ढाळ एका कणाने खाल्ला. आणि गच्चीचा कोबा काही काचेसारखा नसतो, कणच कण असतात.

इतवारीच्या लोहा ओळीतून सहा फुटांची अ‍ॅल्युमिनियमची चौकोनी पोकळ पट्टी आणली, मिस्त्री लोक प्लॅस्टर ओढायला वापरतात तशी. तिच्या मध्यावर लाकडाचा एक ठोकळा चिकटवला आणि ठोकळ्याला टेकवून फोन रबरबँडने बांधला. आता तोच वाळूचा कण पट्टीच्या टोकाखाली आला, तरी फरक पडतो फक्त ०.०३ अंशाचा. शिवाय सहा फुटांच्या पट्टीवर सहा फुटांचा सरासरी ढाळ मिळतो, आणि पाण्याला तोच लागतो. एखाद्या खड्ड्याशी त्याला फारसं देणंघेणं नसतं.

भाऊ पॉलिटेक्निकला सिव्हिल शिकलाय. त्याला फोन करून हा खटाटोप सांगितला, तर त्याने एकच गोष्ट विचारली, "फेस लेफ्ट, फेस राइट केलंस का?" सर्व्हेमध्ये थिओडोलाइटवर, म्हणजे कोन मोजायच्या दुर्बिणीच्या यंत्रावर, एक कोन मोजला, की दुर्बीण उलटी करून, यंत्र फिरवून तोच कोन पुन्हा मोजतात आणि दोन्हींची सरासरी घेतात. यंत्राची बरीचशी चूक एकदा अधिक आणि एकदा उणे येऊन कटून जाते. त्याचंच साधं रूप मी गच्चीवर केलं. पट्टी एका जागी ठेवली, तिच्या दोन्ही टोकांशी खडूने खुणा केल्या. फोनने ०.९ दाखवलं. मग फोनला हात न लावता पट्टीच उचलून टोकाची अदलाबदल केली आणि त्याच खुणांवर परत ठेवली. आता उणे ०.५. दोन्हीतला फरक १.४, त्याचा निम्मा ०.७, हा गच्चीचा खरा ढाळ. दोन्हींची बेरीज ०.४, तिचा निम्मा ०.२, ही फोनची आणि पट्टीची मिळून चूक. ०.९ वर विश्वास ठेवला असता तर ढाळ भरपूर आहे असं वाटलं असतं, उणे ०.५ वर ठेवला असता तर तो कमी पडतोय असं.

ही युक्ती मला फार आवडली. खात्रीचं दुसरं यंत्र हाताशी नसताना यंत्राची चूक त्याच यंत्राकडून काढून घ्यायची! साध्या स्पिरिट लेव्हललाही ती चालते. दुकानात नवी लेव्हल घेताना काउंटरवर ठेवायची, बुडबुडा कुठे आहे ते बघायचं, मग टोकं बदलून पुन्हा त्याच जागी ठेवायची. दोन्ही वेळा बुडबुडा एकाच टोकाच्या दिशेने सरकलेला राहिला, लेव्हलबरोबर फिरला, तर चूक लेव्हलची. काउंटरच्या एकाच बाजूला राहिला, तर लेव्हल बरोबर, काउंटर तिरका. फोनच्या अ‍ॅपमध्ये कॅलिब्रेट असं बटण असतं, तेही चांगल्या अ‍ॅपमध्ये हेच करवून घेतं. एकदाच ठेवून शून्य करणारं बटण मात्र धोक्याचं, कारण ते ज्या टेबलावर ठेवून दाबलं, ते टेबल सपाट आहे असं धरून चालतं.

नागपूरकरांना मोजणीच्या या कामाबद्दल थोडी आपुलकी वाटायला हरकत नाही. भारताचा महासर्वेक्षणाचा प्रकल्प १८०२ मध्ये मद्रासकडून सुरू करणारा विल्यम लॅम्बटन अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट बैलगाड्यांतून आणि माणसांच्या खांद्यांवरून घेऊन दक्षिणेतून वर सरकत आला. नागपूरला नवं ठाणं करायला तो निघाला होता आणि वाटेत हिंगणघाटला जानेवारी १८२३ मध्ये वारला. त्याची कबर तिथेच आहे. आपल्या झिरो माइलच्या खांबाशी जो बेंचमार्क, म्हणजे उंचीची पक्की खूण, आहे, तो १९०७ चा, उंची मोजण्याच्या कामातला. ज्या शहरात देशाच्या उंचसखलपणाचा असा दगड उभा आहे, तिथे आपल्या गच्चीचा ढाळ आपण मोजला तर त्यात वावगं काहीच नाही.

मोजायची वेळही महत्त्वाची. मे महिन्यात नागपूरची गच्ची सकाळी नऊनंतर पाय ठेवायच्या लायकीची राहत नाही, आणि फोनही त्या उन्हाला बनलेला नसतो. आयफोनसाठी कंपनीच ३५ अंश सेल्सियसपर्यंतच्या हवेत वापरा म्हणते. इथे सावलीतच ४५ होतं. फोन बंद पडण्याआधी आणखी एक गोष्ट होते: चिप तापली की तिचं शून्य सरकतं. माझ्या फोनची सकाळची ०.२ ची चूक ऊन चढल्यावर ०.४ झाली. म्हणून उजाडल्याबरोबर वर जायचं, काम सुरू करताना, मध्ये आणि शेवटी त्याच खुणांवर उलटसुलट करून चूक तपासायची, आणि ऊन टाकीच्या सावलीपलीकडे गेलं की थांबायचं.

गच्चीवर खडूने चौकटी आखल्या. प्रत्येक चौकटीत पट्टी दोन दिशांना ठेवून आकडा घेतला, चूक वजा केली आणि तिथेच जमिनीवर लिहिलं, बाणासकट. बाण नुसत्या आकड्यापेक्षा महत्त्वाचा, कारण पुष्कळ अ‍ॅपमध्ये अधिक-उणे दिसतच नाही. सगळी गच्ची लिहून झाल्यावर मी कठड्यावर चढून वरून पाहिलं. बाण सगळे पाइपच्या तोंडाकडे चालले होते. फक्त टाकीच्या कोपऱ्यातले आठ फूट उलटे होते, कोपऱ्याकडेच वळलेले, उणे ०.३ च्या आसपास. बाकीची गच्ची ०.५ ते ०.७ मध्ये. सगळा कोबा उखडायची गरजच नव्हती.

दुरुस्तीला दुसरे मिस्त्री बोलावले. त्यांनी आधी माझ्या खडूच्या आकड्यांकडे पाहिलं, मग पट्टीवरच्या फोनकडे.

"ताई, फोनवर ढाळ समजते का जी?"

"समजतो भाऊ. तुम्ही फुटाला किती देता?"

"गच्चीले एक सूत. मोरीले दोन."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. फुटात बारा इंच, म्हणजे ९६ सूत. फुटाला एक सूत म्हणजे ९६ ला १. इंजिनिअर १०० ला १ म्हणतात, ते जवळपास तेच. ९६ ला १ चा कोन निघतो ०.६ अंश. दोन सूत म्हणजे १.२, तीन म्हणजे १.८. एवढ्या लहान कोनांना साधा पाढा पुरतो, त्रिकोणमिती लागत नाही. मिस्त्री सूत बोलतात, फोन अंश बोलतो, आणि मध्ये फक्त सहाचा पाढा. मी कठड्यावर खडूने लिहून दिलं: १ सूत ०.६, २ सूत १.२, अर्धा सूत ०.३. मिस्त्रींनी उलट्या भागातला उणे ०.३ पाहिला आणि लगेच म्हणाले, "म्हणजे फुटाले अर्धा सूत उलटं हाय." बरोबर तेच.

तरीही त्यांनी आपली पाण्याची नळी काढलीच, आणि ती काढली हे फार चांगलं झालं. पारदर्शक नळीत पाणी भरायचं, आतला एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही, आणि दोन टोकं दोन जागी उभी धरायची. नळी मध्ये कशीही वळली, खाली लोंबली, तरी दोन्ही टोकांचं पाणी एका उंचीवर थांबतं. टाकीच्या कोपऱ्यापासून पाइपच्या तोंडापर्यंत चोवीस फूट अंतर. फुटाला एक सूत धरलं, तर चोवीस सूत, म्हणजे तीन इंच उतार हवा. नळीने दाखवला दीड इंच. आता माझे फोनचे आकडे: आठ फूट अर्ध्या सुताने उलटे, म्हणजे चार सूत चढ. पुढचे सोळा फूट एका सुताने सुलटे, म्हणजे सोळा सूत उतार. सोळातून चार गेले, बारा सूत राहिले. दीड इंच! दोन्ही पद्धती वेगळ्या वाटेने येऊन एका आकड्यावर टेकल्या तेव्हा मला खराखुरा आनंद झाला. मिस्त्रीही खूश झाले.

पण इथे फोनची हद्दही दिसली. फोनची वाचनातली चूक ०.१ अंश धरली, तर एका पट्टीत ती कळतही नाही, पण चोवीस फुटांत ती अर्ध्या इंचावर जाते. त्या दिवशी बेरीज जुळली, दर वेळी जुळेलच असं नाही. लांबच्या दोन बिंदूंची उंची लावायची असेल तर पाण्याची नळीच खरी. ती स्वस्त आहे, तिला बॅटरी लागत नाही आणि तिची चूक अंतराबरोबर वाढत नाही. फोनची खुबी वेगळी आहे: कोणत्या चौकटीत ढाळ कोणीकडे वळलाय, हे तो मिनिटात सांगतो. नळीने प्रत्येक चौकट मोजायची तर दोन माणसं आणि अख्खी सकाळ लागते. नळीने टोकं पकडायची आणि फोनने मधलं पोट तपासायचं, असं काम वाटून घेतलं.

नकाशा हाती असल्यामुळे दुरुस्तीचा हिशेबही सोपा झाला. आठ फुटांवरचा उंचवटा तसाच ठेवायचा आणि कोपरा त्याच्यापेक्षा आठ सूत वर न्यायचा. सध्या तो चार सूत खाली. म्हणजे कोपऱ्यात बारा सूत, दीड इंच माल चढवायचा आणि आठ फुटांवर तो शून्यावर आणायचा. मिस्त्रींनी इथे एक गोष्ट सांगितली जी कोणत्याही फोनमध्ये नसते: माल शून्यावर संपवला तर त्याची पातळ कड एका उन्हाळ्यात सुटते. म्हणून त्यांनी त्या रेषेवर जुना कोबा छिन्नीने खाच मारून काढला, तिथे नव्या मालाला जाडी दिली, जुना पृष्ठभाग खरडून धुतला, सिमेंटची रबडी फासली आणि मगच माल टाकला. जागोजागी मालाचे गोळे ठेवून त्यांच्या माथ्यांवर मी पट्टी ठेवत होते, ०.६ आला की ते थापीने गोळा पक्का करत होते. ओल्या मालावर फोन एकदाही टेकला नाही.

माल सुकल्यावर, पाणी मारून झाल्यावर, त्या कोपऱ्यात नळाचा पाइप सोडला. पाणी टाकीखालून निघालं आणि जिथे तळं साचायचं तिथे न थांबता पाइपच्या तोंडाकडे गेलं. तोंडाच्या आधी हातभर जागेत ते जरा रेंगाळतं. तिथे आकडा ०.२ च आहे. ते मी तसंच राहू दिलं, कारण तेवढं पाणी उन्हाच्या एका तिरीपेत वाळतं आणि तोंडाजवळचा कोबा फोडणं जास्त जोखमीचं होतं. पावसाळ्यात छत कोरडं राहिलं.

त्याच मिस्त्रींकडून पोर्चला रॅम्प करून घेतला. आईची व्हीलचेअर तोवर पायरीवरून उचलून घ्यावी लागायची. व्हीलचेअरच्या रॅम्पला जास्तीत जास्त १२ ला १ उतार द्यावा असं आपल्याकडचे नियम सांगतात. फुटाला एक इंच, म्हणजे आठ सूत, आठ सक ४.८ अंश. पायरी नऊ इंचांची, म्हणजे रॅम्प नऊ फुटांचा. जागा वाचवायला उताराची दोरी सात फुटांवर बांधली होती. दोरीला समांतर पट्टी धरली, फोनने ६.१ दाखवले. ऐकायला सव्वा अंशच जास्त, पण त्या उतारावर खुर्ची ढकलणाऱ्याच्या हाताला पाव हिश्श्याहून जास्त जोर लागतो आणि उतरताना ती सुटायला बघते. दोरी नऊ फुटांवर नेली, तुळशीवृंदावन दीड हात सरकवलं आणि ४.८ आल्यावरच माल टाकला. आईला आता शेजारची शाळकरी मुलगीसुद्धा एकटी वर घेऊन येते.

फोनची सवय झाल्यावर आणखी बऱ्याच ठिकाणी तो लावून पाहिला. कूलरचं सांगायलाच हवं. खिडकीतल्या लोखंडी स्टँडवर कूलर जरा एका बाजूला कलला, की वरच्या पन्हाळीतलं पाणी त्याच बाजूच्या ताटीवर पडतं आणि दुसऱ्या बाजूची वाळ्याची ताटी कोरडी राहून गरम हवा आत फेकते. आमचा कूलर दीड अंशाने कललेला निघाला. एका पायाखाली पत्र्याचा तुकडा घातला आणि दोन्ही ताट्या सारख्या भिजू लागल्या. असल्या कामाला उलटसुलट, पट्टी वगैरे काही नको, फोन कडेवर ठेवला की झालं.

सोलर पॅनेलच्या बाबतीत तर लोक उगाच जास्त काटेकोर होतात. नागपूर २१.१५ अक्षांशावर, म्हणून पॅनेल दक्षिणेकडे साधारण २१ अंश कलवतात. शेजाऱ्यांच्या पॅनेलवर फोनने १७ दाखवले आणि ते फिटरशी भांडायला निघाले. मी त्यांना थांबवलं. चार अंशांच्या फरकाने वर्षाच्या विजेत जो फरक पडतो, तो पॅनेलवरच्या धुळीपेक्षा कितीतरी कमी असतो. दिशा बघायची असेल तर मात्र फोन लोखंडी फ्रेमपासून दूर न्यायला हवा. होकायंत्राची चिप लोखंडाने बहकते, कोनाच्या चिपला लोखंडाचं काही वाटत नाही.

मिस्त्रींनी जायच्या आधी आपल्या फोनमध्ये तेच अ‍ॅप टाकून घेतलं. त्यांचा फोन पट्टीला बांधून आम्ही उलटसुलट केलं, चूक निघाली ०.७. फुटाला एका सुताहूनही जास्त. नुसता आकडा बघून त्यांनी गच्ची केली असती, तर ढाळ पुरता गायब झाला असता. कव्हरच्या आतल्या बाजूला त्यांनी मार्करने "०.७" लिहिलं, चूक कोणत्या टोकाकडे आहे त्याचा बाण काढला, आणि मी सांगितल्यावर खाली तारीखही घातली. फोन आपटला, खूप तापला किंवा बदलला, की हा आकडा जुना झाला असं समजायचं आणि पट्टी पुन्हा फिरवायची.